बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत: गोव्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिचोली तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कारकुनी केली. आता रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात टेबल मांडून बसते आणि लोकांचे फॉर्म भरून देते. टेबलापाशी मुख्यतः दोघंच येतात. तीन वर्षांच्या मुलीची आई येते, नाहीतर अठरा वर्षांच्या मुलाचा बाप. प्रश्न इतके तेच ते असतात की एकदाचे लिहून काढले.

सरकारने नर्सरी सक्तीची केली आहे का?

नाही. शिक्षण हक्क कायदा (२००९) सहा ते चौदा या वयासाठी आहे. त्याच कायद्याच्या कलम ११मध्ये तीन वर्षांवरच्या मुलांसाठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची सोय राज्याने करावी असं आहे, पण तिथली भाषा "करू शकेल" अशा धाटणीची आहे. राज्यघटनेचं कलम ४५ २००२च्या दुरुस्तीनंतर सहा वर्षांखालच्या मुलांच्या संगोपनाबद्दल आणि शिक्षणाबद्दल बोलतं, तेही राज्याने "प्रयत्न करावा" एवढंच. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला शाळा मिळणं हा हक्क आहे, तीन वर्षांच्या मुलाला बालवाडी मिळणं ही सरकारची मर्जी. खालची बहुतेक उत्तरं या फरकातूनच निघतात.

मग २०२३मध्ये नेमकं काय बदललं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने दहा अधिक दोनची जुनी मांडणी मोडून ५+३+३+४ अशी नवी मांडणी आणली. पहिल्या पाचात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. याला पायाभूत स्तर म्हणतात. गोव्याने तो २०२३-२४पासून एकेक इयत्ता करत लागू केला: त्या वर्षी नर्सरी, पुढच्या वर्षी त्याच्या वरचा वर्ग, असं.

त्याच २०२३-२४मध्ये गोवा विद्यापीठाच्या कॉलेजांत चार वर्षांच्या पदवीची पहिली तुकडी बसली. दोन्ही टोकांना एकाच वर्षी नवी सुरुवात झाली. हिशेब केला तर त्या वर्षी नर्सरीत गेलेलं पोर २०२६-२७मध्ये पहिलीत बसतं आणि त्याच वर्षी कॉलेजात गेलेला मुलगा चौथ्या वर्षाच्या दारात उभा राहतो. माझ्या शेजारच्या एकाच घरात अशी दोन मुलं आहेत, काका आणि पुतण्या. त्यांच्या आजीने मला विचारलं, "बाई, ह्या दोघांवरच प्रयोग का गे?" मला उत्तर सुचलं नाही.

मुलगी तीन पूर्ण झाली. अंगणवाडीत घालू की नर्सरीत?

हा प्रश्न विचारताना आया आवाज खाली आणतात. अंगणवाडी म्हटलं की गरिबाची, असं डोक्यात बसलंय.

आधी अंगणवाडी म्हणजे काय ते बघू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तिच्यात सहा सेवा आहेत: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढे दवाखान्यात पाठवणं आणि आयांना आहार-आरोग्याची माहिती. शिक्षण ही सहातली एक. गोव्यात बाराशेहून जास्त अंगणवाड्या आहेत आणि त्या महिला व बालविकास संचालनालयाकडे येतात. नर्सरी-केजीचा विषय मात्र पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाकडे. एकाच वयाच्या मुलांची दोन खाती, आणि आईला दोन वेगळ्या दारांत विचारावं लागतं.

आमच्या वाड्यावरची अंगणवाडी देवळाच्या सभामंडपाला लागून असलेल्या खोलीत आहे. मागच्या पावसाळ्यात एक दिवस सकाळभर तिथे बसले होते. अकरा मुलं. भिंतीवर फळांचा तक्ता, त्यातलं सफरचंद ओलीने काळं पडलेलं. सेविका एका हाताने मोबाइलवर पोषण ट्रॅकर, म्हणजे नोंदींचं सरकारी अ‍ॅप, भरत होती. रेंज नव्हती म्हणून मध्येच उठून दारात जाऊन हात वर धरायची. मदतनीस बचत गटाकडून आलेल्या उसळीच्या वाट्या लावत होती. एका गरोदर बाईचं वजन करायचं राहिलं होतं. या सगळ्यात सेविकेने मुलांना चिंचोक्यांवर पाचापर्यंत मोजायला शिकवलं, आणि इतकं छान शिकवलं की शहरातल्या भाचीच्या नर्सरीत मी तसं पाहिलेलं नाही. पण ते चाललं वीस मिनिटं. मग डॉक्टरबाईंची गाडी आली.

तर माझं उत्तर असं. सेविका चांगली असेल आणि मुलांची संख्या बरी असेल तर पहिलं वर्ष अंगणवाडीत बिनधास्त घाला. जवळ आहे, आहार आहे, वजन-उंचीची नोंद होते, घरची भाषा कानावर पडते. पाच वर्षांच्या मुलाला मात्र रोज दोन-तीन तास ठरवून शिकवणारं माणूस लागतं. सेविकेवर इतर पाच कामं लादलेली असेपर्यंत ते तिच्याकडून होणं कठीण, यात तिचा दोष नाही. धोरणात लिहिलंय की बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम द्यावा. प्रशिक्षण हवंच, पण त्याने तिच्या हातातला मोबाइल सुटत नाही.

अंगणवाडीतून मूल थेट पहिलीत घेतात का?

घेतात. सरकारी प्राथमिक शाळेत केजीचा दाखला मागण्याचं कारण नाही. वय आणि जन्मदाखला पुरे.

पहिलीसाठी सहा पूर्ण हवीतच का?

धोरणाप्रमाणे हो. केंद्राने फेब्रुवारी २०२३मध्ये सगळ्या राज्यांना तसं कळवलं होतं. पूर्वी आपल्याकडे बरीच मुलं सहा पूर्ण होण्याआधीच पहिलीत बसत, म्हणून लोकांना आता "वर्ष फुकट गेलं" असं वाटतं. फुकट जात नाही. ज्या तारखेपर्यंत वय मोजतात ती मात्र त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा, शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका. दोन-चार दिवसांच्या फरकावरून झालेली रडारड मी पाहिलीय.

नर्सरीची फी कॉलेजच्या फीपेक्षा जास्त कशी?

हा माझा आवडता प्रश्न, आणि तो आधी मलाच पडला होता. माझी भाची पणजीला राहते. तिच्या मुलीची नर्सरीची पावती आणि माझ्या धाकट्या पुतण्याची साखळीच्या कॉलेजातली बी.कॉम.ची पावती योगायोगाने एकाच आठवड्यात माझ्या हातात आली. नर्सरीची जवळजवळ तिप्पट होती, वर रेनकोट, बॅग आणि "अ‍ॅक्टिव्हिटी"चे वेगळे.

कारण सरळ आहे. मुक्तीनंतर १९६२ साली गोव्यात धेंपे आणि चौगुले ही पहिली कॉलेजं निघाली. पुढे सरकारने साखळी, पेडणे, केपे, खांडोळा आणि मडगावात बोर्डा इथे स्वतःची कॉलेजं काढली आणि खासगी संस्थांच्या कॉलेजांना शिक्षकांच्या पगारासाठी अनुदान दिलं. प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंतही तसंच. खासगी नर्सरीला असं पगाराचं अनुदान नाही. तिथल्या बाईंचा पगार, जागेचं भाडं, झोपाळा, सगळं पालकांच्या खिशातून. म्हणून पणजी-मडगावात नर्सरी महाग, आणि तरीही बाईंच्या हातात पडणारा पगार अनेक ठिकाणी लाजिरवाणा.

म्हणजे अंगणवाडी सोडली तर सरकारचा हात मूल सहा वर्षांचं झाल्यावर लागतो आणि वीस-एकवीस वर्षांपर्यंत राहतो. ज्या वयात घरचे आईबाप तरुण, पगार कमी, घराचे हप्ते चालू, नेमक्या त्या वयात सगळा भार घरावर. कॉलेजची फी वाढवा असं मी म्हणत नाही. माझ्या पुतण्याला ती वाढलेली परवडली नसती. पण खालच्या टोकाला काहीच न देता वरच्या टोकाला जागा वाढवत राहिलो, तर त्या जागांवर बसतं कोण? ज्यांच्या तीन वर्षांच्या लेकराची फी आईबापाने भरली, त्यांचीच मुलं पुढच्या रांगेत.

खासगी नर्सरी निवडताना काय बघायचं?

गोवा शालेय शिक्षण कायदा १९८४चा, त्याचे नियम १९८६चे. पण बालवाड्यांकडे कितीतरी वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. कुणीही दुकानाचा गाळा घ्यावा, भिंतीवर मिकी माउस काढावा आणि फळा लावावा. नव्या धोरणानंतर नोंदणीचा विषय सुरू झाला, म्हणून पहिला प्रश्न तोच विचारा: शिक्षण संचालनालयाकडे नोंदणी आहे का, असेल तर क्रमांक दाखवा. दाखवायला टाळाटाळ झाली की चपला घाला.

दुसरं, संडास बघा. खरंच सांगते. तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीचं भांडं, पाण्याची सोय, मदतीला बाई. रंगीत माहितीपत्रकापेक्षा यावरून जास्त कळतं.

तिसरं, पैसे परत मिळण्याचा नियम लिहून घ्या. आमच्या ओळखीतल्या एका घराने एका नर्सरीत जूनला सगळी फी भरली. दिवाळीआधीच मालकाने गाळा खाली करायला लावला आणि नर्सरी बंद. नोंदणी नव्हती, पावतीवर शिक्का नव्हता, फोन बंद. मुलगी दोन महिने दप्तर पाठीला लावून दारात बसायची.

आणि चौथं, वही. तीन वर्षांच्या मुलाच्या वहीत पानंच्या पानं एबीसीडी लिहून घेतली असेल तर ती शाळा धोरणाच्या उलट चाललीय. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळ, गोष्ट, गाणी, हाताने करायच्या वस्तू यांवर बेतलाय. आपल्या फुगड्या आणि बडबडगीतं त्यात आपसूक बसतात.

दोघंही कामाला जातो. पाळणाघराची काही सरकारी सोय?

कागदावर दोन. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनाने पाळणाघराची सोय करायची आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं आहे. वेर्णा, कुंडई अशा औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या बायांनी हे एचआरला लेखी विचारावं. तोंडी विचारलं की "बघूया" मिळतं. दुसरी, मिशन शक्तीखालची पाळणा योजना, जिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचा विचार आहे. तुमच्या भागात ती आहे का, हे सेविकेलाच विचारा.

दोन्ही नसेल तर आजी. गोव्यात पाळणाघरांचं खरं जाळं आज्यांचंच आहे, आणि तिची नोंद कुठल्याच खात्यात नाही.

मराठी शाळा ओस पडताहेत, त्याचा नर्सरीशी काय संबंध?

फार मोठा, आणि आपण तो उशिरा ओळखला.

गोव्यात माध्यमाचा वाद अनुदानावरून पेटला. १९९०च्या सुमाराला, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक शाळांचं अनुदान मराठी आणि कोंकणी माध्यमापुरतं ठेवलं गेलं. २०११मध्ये दिगंबर कामत सरकारने ते इंग्रजीला खुलं केलं आणि लोक रस्त्यावर आले. मीही एका मोर्चात पणजीला गेले होते, उन्हात, कदंबा बसने. दोन्ही बाजूंची भाषणं पहिलीपासून पुढची.

पण पोराचं माध्यम पहिलीत ठरत नाही, तीन वर्षांचं असताना ठरतं. सरकारी मराठी शाळेला खाली बालवाडी नव्हती. खासगी शाळेला केजी होती आणि ती इंग्रजी होती. आई तीन वर्षांच्या मुलाला तिथे घालते, कारण अंगणवाडी सोडून दुसरं काही नसतं. तीन वर्षांनी ते मूल "व्हाइट कलर दे" असं म्हणायला लागलेलं असतं, मैत्रिणी जमलेल्या असतात, बालरथ, म्हणजे शाळेची बस, दारात येत असतो. आता त्याला उचलून वाड्यावरच्या मराठी शाळेत कोण आणणार? मग शाळेत आठ मुलं उरतात, एकच शिक्षिका चार वर्ग घेते, आणि विलीनीकरणाची यादी निघते.

धोरण म्हणतं, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावं. अंगणवाड्या प्राथमिक शाळेच्या आवारात आणाव्यात असंही त्यात आहे. मला यातला दुसरा भाग जास्त कामाचा वाटतो. ओस पडलेल्या शाळेतला एक वर्ग साफ करून तिथे अंगणवाडी आणा, शिकवायला वेगळी प्रशिक्षित बाई द्या, मराठीत की कोंकणीत ते गावाला ठरवू दे. १९८७च्या राजभाषा कायद्यावरून आपण पुष्कळ भांडलो, तीन वर्षांच्या मुलाला त्यातलं काही कळत नाही. त्याला आजी बोलते तसं बोलणारी बाई लागते.

बारावी झाली. गोव्यात सगळ्यांना कॉलेजात जागा मिळते का?

कुठेतरी मिळते. हवी तिथे, हवी ती मिळेलच असं नाही. बारावीच्या परीक्षेला दरवर्षी साधारण सतरा-अठरा हजार मुलं बसतात. कला शाखेला जागा उरतात, पणजी-म्हापसा-मडगावच्या नावाजलेल्या कॉलेजांत कॉमर्सला आणि संगणकाच्या अभ्यासक्रमांना रांग लागते. वाळपईच्या मुलाला म्हापशात जागा मिळाली म्हणजे त्याच्या दिवसाचे तीन-चार तास बसमध्ये गेले. ती जागा कागदावर त्याची, पण डिसेंबरपर्यंत तो कॉलेजचे निम्मे तास बुडवू लागतो. हेही मोजायला हवं.

जागा किती, हे ठरवतं कोण?

एकटं कॉलेज नव्हे. कॉलेजने नवी तुकडी मागायची, गोवा विद्यापीठाने पाहणी करून संलग्नता द्यायची, उच्च शिक्षण संचालनालयाने परवानगी आणि अनुदानाचं बघायचं. सरकारने अनुदान नाही म्हटलं तर तुकडी विनाअनुदानित चालते आणि फी वर जाते. एकाच कॉलेजात शेजारच्या दोन वर्गांत दोन फीया असतात त्या यामुळे. त्यावर केंद्राच्या परिषदा: वैद्यकीयला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, वकिलीला बार कौन्सिल, बी.एड.ला एनसीटीई, आणि २०२४-२५पासून बीसीए-बीबीएसुद्धा एआयसीटीईकडे गेलं. आमदाराच्या चिठ्ठीने जागा वाढत नाही, हे मी वर्षाला वीस जणांना सांगते.

सरकारी नियमाप्रमाणे आरक्षण: अनुसूचित जमाती १२ टक्के, अनुसूचित जाती २, इतर मागासवर्ग २७ आणि आर्थिक दुर्बल घटक १०. जातीचा दाखला निकालानंतर काढायला धावू नका, अकरावीतच काढून ठेवा.

चौथं वर्ष करायलाच हवं का?

नाही. तीन वर्षांनी, १२० क्रेडिटांवर (क्रेडिट म्हणजे पुऱ्या केलेल्या अभ्यासाचं माप), पदवी घेऊन बाहेर पडता येतं. चौथं वर्ष केलं की १६० क्रेडिटं आणि ऑनर्स पदवी. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चार वर्षं केलेल्याला पुढची एम.ए., एम.कॉम. एका वर्षात होते, म्हणजे एकूण वर्षं तितकीच. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर सोडलं तर प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते आणि ठरावीक मुदतीत परत येता येतं.

नोकरीच लागायची असेल, घरी गरज असेल, तर तीन पुरेत. बाहेरच्या देशात जायचं असेल किंवा पुढे संशोधन करायचं असेल तर चौथं कामाचं. मला काळजी वेगळी आहे. चौथं वर्ष आलं म्हणजे कॉलेजला एक वर्ग, एक प्रयोगशाळेची पाळी आणि मार्गदर्शन करू शकणारे प्राध्यापक जास्त लागले. तासाच्या दराने शिकवणाऱ्या माणसाला तुम्ही संशोधनाचा मार्गदर्शक कसा करणार? गावाकडच्या कॉलेजांनी चौथं वर्ष दिलंच नाही तर तिथली मुलं तीनवर थांबतील, आणि पुढे कुणीतरी म्हणेल की त्यांना आवड नव्हती.

उच्च शिक्षणात गोवा देशापेक्षा पुढे, असं वाचलं. खरं ना?

आकडा खरा, वाचताना जपून. २०२१-२२च्या केंद्रीय सर्वेक्षणात देशाचं सकल नोंदणी प्रमाण २८.४ होतं, गोवा त्याच्या वर आहे. २०३५पर्यंत ते ५०वर नेण्याचं धोरणाचं लक्ष्य आहे. पण हे प्रमाण काढताना राज्यातल्या संस्थांत बसलेली मुलं घेतात आणि त्यांना राज्यातल्या १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येने भागतात. झुआरीनगरला बिट्स पिलानी या इंजिनिअरिंगच्या संस्थेच्या आवारात देशभरची मुलं आहेत, २०१६पासून आयआयटी आहे, कुंकळ्ळीला एनआयटी. ती सगळी गोव्याच्या आकड्यात. उलट बेळगाव-पुण्याला शिकायला गेलेला डिचोलीचा मुलगा तिकडच्या आकड्यात. छोट्या राज्यात अशाने आकडा बराच हलतो. सत्तरी तालुक्यातल्या किती मुली पदवीपर्यंत पोहोचल्या, हे या आकड्यातून कळत नाही.

गोव्यात मुलंच कमी होताहेत. मग पुढे जागा रिकाम्या पडतील?

घरच्या घरी हिशेब करून बघा. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ आणि शून्य ते सहा वयाची मुलं सुमारे १.४४ लाख. ही सात वर्षांत जन्मलेली मुलं, म्हणजे वर्षाला साधारण वीस हजार. आज दहावी-बारावीला आणि कॉलेजात दिसतात ती हीच. त्यानंतर जन्म आणखी घटले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण प्रजनन दर १.३ आला, त्याआधीच्या फेरीत १.७ होता. दोन माणसांमागे १.३ मुलं.

कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं यात भर घालतात, आणि आमच्या अंगणवाडीतल्या अकरापैकी चार तशीच आहेत. तरी पंधरा वर्षांनी कॉलेजात किती येतील, त्याचा अंदाज आजच्या बालवाडीच्या हजेरीपटावर लिहिलेला आहे. शिक्षण संचालनालय, उच्च शिक्षण संचालनालय आणि महिला व बालविकास या तीन खात्यांनी एकाच टेबलाशी बसून तो पट वाचला, तर कुठे नवी तुकडी द्यायची आणि कुठला पैसा खाली बालवाडीला वळवायचा हे कळेल. जागा वाढवण्याच्या घोषणेला फीत कापता येते, हजेरीपटाला कापता येत नाही, एवढीच अडचण.

पैशांची मदत कुठे मिळते?

कॉलेजसाठी: गोवा शिक्षण विकास महामंडळाचं व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज, उच्च शिक्षण संचालनालयाच्या योजना, समाजकल्याण आणि आदिवासी कल्याण खात्यांच्या शिष्यवृत्त्या. नर्सरीसाठी: मी अजून एकही फॉर्म भरून दिलेला नाही.

तुमच्याकडे येताना काय आणायचं?

मुलाचा जन्मदाखला, आधार, रहिवासी आणि उत्पन्नाचा मामलेदार कचेरीतला दाखला, असेल तर जातीचा, दोन फोटो. मूळ कागद आणि झेरॉक्स, दोन्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाळ्यात तर नक्कीच. दहा ते साडेबारा असते. गावच्या जत्रेच्या रविवारी टेबल बंद.